न ऐकलेली अपिलं: टिळकांच्या १८९७ च्या अर्जापासून एसएलपीपर्यंत

गेल्या महिन्यात ग्रंथालयात ‘इंडियन लॉ रिपोर्ट्स’च्या मुंबई मालिकेचा बाविसावा खंड काढून बसले होते. या एकाच खंडात टिळक दोनदा भेटतात. पान ११२ वर राजद्रोहाचा तो प्रसिद्ध खटला आहे, जो आपण शाळेत एका वाक्यात शिकतो. पान ५२८ वर लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलमधला मजकूर आहे, तो मात्र आपण शिकत नाही. मी माझ्या नोंदवहीत घाईघाईत लिहिलं, ‘प्रिव्ही कौन्सिलने अपील फेटाळले.’ आमच्या मार्गदर्शक बाईंनी त्या ओळीखाली लाल रेघ मारली आणि एवढंच विचारलं, “अपील केव्हा झालं?”

अपील झालंच नव्हतं. टिळकांनी अपील करायची परवानगी मागितली होती आणि ती नाकारली गेली. या दोन गोष्टींत फरक आहे हे समजायला मला चार दिवस लागले, आणि त्या चार दिवसांतून माझ्या प्रबंधाचं एक अख्खं प्रकरण निघालं. म्हणून हा लेख.

सुरुवातीलाच सांगते, माझी एमएस्सी सांख्यिकीची. कायदा मी वर्गात बसून कधी शिकले नाही, आता इतिहासाच्या विभागात राहून शिकते आहे. तेव्हा वकिली करणाऱ्या वाचकांनी थोडं सांभाळून घ्यावं. पण संशोधनाच्या तयारीत असलेल्यांसाठी हा विषय मुद्दाम निवडला, कारण यात आपल्या सगळ्यांच्या कामाची एक अडचण फार स्पष्ट दिसते. जे घडलं त्याचे कागद मिळतात, पण जे दारातच परतवलं गेलं त्याचे कागद फारच थोडे असतात.

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ असं आपण म्हणतो. त्यात गृहीत असं आहे की पायरी उघडी आहे, चढायचं की नाही हे शहाण्यानं ठरवायचं. खालच्या कोर्टात ते बऱ्यापैकी खरंही आहे. दावा लावला की कोर्टाला तो ऐकावा लागतो. जसजसं वर जाल तसतसं उलटं होत जातं. सगळ्यात वरच्या पायरीवर तुम्ही चढायचं की नाही हे कोर्ट ठरवतं.

हे असं का झालं, याची सुरुवात ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात शोधावी लागते. १७२६ च्या सनदेनं मुंबई, मद्रास आणि कलकत्ता इथे मेयरची न्यायालयं आली आणि त्यांच्या निकालांवर शेवटी इंग्लंडच्या राजाकडे, म्हणजे ‘किंग-इन-कौन्सिल’कडे दाद मागायची सोय झाली. राजा स्वतः काही खटले ऐकत बसत नसे. १८३३ मध्ये ब्रिटिश संसदेनं कायदा करून प्रिव्ही कौन्सिलची न्यायिक समिती स्थापन केली. पण नाव राजाचंच राहिलं. ही समिती ‘निकाल’ देत नसे, राजाला ‘नम्र सल्ला’ देत असे. हा निव्वळ शिष्टाचार वाटेल, पण पुढचं सगळं या एका कल्पनेवर उभं आहे. दाद ही राजाची मेहेरबानी. मेहेरबानीवर हक्क सांगता येत नाही, ती फक्त मागता येते.

मग साम्राज्यभरातून कुणीही उठून लंडनला येऊ लागला तर? यावरचा इलाज १८३८ च्या आदेशात आहे. हिंदुस्थानातल्या दिवाणी दाव्याची किंमत १०,००० रुपये किंवा जास्त असेल आणि सहा महिन्यांच्या आत अर्ज केला असेल, तरच अपील पुढे जाईल. खालच्याची किंमत असेल तर विशेष परवानगी मागा. त्या काळात दहा हजार म्हणजे जहागीरदार, सावकार आणि व्यापाऱ्यांचा आकडा. कुणब्याच्या दोन एकरांचा वाद लंडनपर्यंत पोचण्याची शक्यता त्या एका ओळीनं जवळपास संपवली. पुढे १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत हीच रक्कम कायम राहिली आणि जोडीला एक अटही होती: वरच्या कोर्टानं खालच्या कोर्टाचाच निकाल कायम ठेवला असेल, तर कायद्याचा महत्त्वाचा प्रश्नही दाखवावा लागेल.

सांख्यिकीवाल्यांना हे चटकन कळेल. ही चाळणी आहे. चाळणीच्या भोकांचा आकार रुपयांत मोजलेला आहे. हिंदू कायद्यातले दत्तकाचे, वारसाचे, एकत्र कुटुंबाचे प्रिव्ही कौन्सिलचे निकाल आपण ‘हिंदू कायदा असा होता’ म्हणून वाचतो, ते याच चाळणीवर उरलेल्या घरांचे आहेत. गरीब घरांत दत्तकाचे वाद कसे मिटत, हे त्या खंडांत शोधायला गेलात तर हाताला फारसं काही लागणार नाही.

फौजदारी खटल्यांना तर रुपयांची चाळणीही नव्हती. तिथे दार जवळजवळ बंदच. प्रिव्ही कौन्सिलचं म्हणणं होतं की आम्ही काही फौजदारी अपिलाचं न्यायालय नाही. साम्राज्यातला प्रत्येक कैदी आमच्याकडे यायला लागला तर शिक्षांची अंमलबजावणीच थांबेल. (खुद्द इंग्लंडमध्ये फौजदारी अपिलाचं न्यायालय १९०७ च्या कायद्यानं आलं, हे इथे लक्षात ठेवायला हवं. आपल्यालाच वेगळं वागवत होते असं नाही.) १८८७ मध्ये ब्रिटिश होंडुरासमधल्या, म्हणजे आजच्या बेलीझमधल्या डिलेट नावाच्या वकिलाचं प्रकरण आलं. खोटी साक्ष दिल्याच्या आरोपावरून त्याला शिक्षा झाली होती. त्यात समितीनं हस्तक्षेप केला आणि एक कसोटी घालून दिली. कायद्याची रीत धाब्यावर बसवल्यामुळे किंवा नैसर्गिक न्यायाचा भंग झाल्यामुळे गंभीर अन्याय झाला असेल, तरच आम्ही हात घालू. निकाल चुकीचा असणं पुरेसं नाही.

दहा वर्षांनी टिळकांचा अर्ज याच कसोटीसमोर गेला.

खटला थोडक्यात आठवून घेऊ. १५ जून १८९७ च्या ‘केसरी’तल्या मजकुरावरून कलम १२४-अ खाली राजद्रोहाचा आरोप. मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती स्ट्रॅची आणि नऊ जणांची ज्यूरी, त्यात सहा युरोपियन आणि तीन हिंदी. निकाल सहा विरुद्ध तीन. शिक्षा अठरा महिने सक्तमजुरी. सगळा वाद होता तो स्ट्रॅचींनी ज्यूरीला कायदा कसा समजावून सांगितला यावर. कलमातल्या ‘डिसअफेक्शन’ या शब्दाचा अर्थ त्यांनी ‘प्रेमाचा अभाव’ असा केला. सरकारबद्दल प्रेम नसणं हाच गुन्हा! हा अर्थ बरोबर की चूक, हे वरच्या कोणीतरी तपासावं एवढीच टिळकांची मागणी होती.

आधी ती उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाकडे गेली. मुख्य न्यायमूर्ती फॅरन, कँडी आणि स्वतः स्ट्रॅची. होय, ज्यांच्या भाषणाविरुद्ध तक्रार होती तेही परवानगी द्यायची की नाही हे ठरवणाऱ्या पीठावर होते. परवानगी नाकारली गेली. मग लंडन. तिथे टिळकांच्या बाजूनं उभे राहिले एच. एच. आस्क्विथ, जे पुढे १९०८ मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान झाले. (आणि त्याच वर्षी, त्यांच्याच सरकारच्या काळात टिळकांना मंडालेला पाठवण्यात आलं. इतिहासात असले योग जुळवायला कुणी कादंबरीकार लागत नाही.) समोर समितीच्या अध्यक्षस्थानी लॉर्ड चॅन्सेलर हॅल्सबरी. त्या काळात लॉर्ड चॅन्सेलर हा न्यायाधीशही असे आणि मंत्रिमंडळाचा सदस्यही. नोव्हेंबर १८९७ मध्ये समितीनं ठरवलं की स्ट्रॅचींच्या भाषणात हस्तक्षेप करावा असं काही आढळत नाही. परवानगी नाही.

आता जरा ताईमहाराज प्रकरणाकडे या. ऑगस्ट १८९७ मध्ये, टिळक याच खटल्यात जामिनावर सुटले त्याच आठवड्यात, पुण्याचे सरदार बाबामहाराज वारले. मृत्युपत्रात विश्वस्तांमध्ये टिळकांचं नाव. पुढे १९०१ मध्ये औरंगाबादला झालेल्या दत्तकावरून जो वाद पेटला, तो पुण्याच्या कोर्टातून उच्च न्यायालयात आणि तिथून प्रिव्ही कौन्सिलमध्ये गेला. १९१५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलनं उच्च न्यायालयाचा निकाल फिरवून टिळकांच्या बाजूनं निकाल दिला. तो वाचण्यासारखा आहे. पुराव्याचा एकेक धागा समितीनं स्वतः तपासला आहे.

माणूस तोच आणि लंडनची समितीही तीच. एका सरदार घराण्याच्या इस्टेटीचा वारस कोण, हा प्रश्न नीट बसून ऐकला गेला. सरकारवर प्रेम नसलं तर तुरुंगात टाकता येतं का, हा प्रश्न उंबऱ्यावरून परत गेला. मला यात कुणाचा कट दिसत नाही. दोन वेगवेगळी दारं होती आणि त्यांच्या रुंदीचा निर्णय आधीच झालेला होता, कुणाचं नाव न घेता. पण नाव न घेता झालेल्या निर्णयांचेही काही जणांना फायदे होतात, ते मोजणं हे आपलं काम.

खरी गंमत पुढे आहे. परवानगी नाकारली म्हणजे विषय संपला असं आपल्याला वाटतं. इथे तो पन्नास वर्षं चालला. १८९८ मध्ये सरकारनं कायद्यातच दुरुस्ती करून ‘डिसअफेक्शन’मध्ये द्रोहभावना आणि वैरभावना येतात असं घालून टाकलं. १९४२ मध्ये फेडरल कोर्टानं निहारेंदु दत्त मजुमदार खटल्यात मुख्य न्यायमूर्ती मॉरिस ग्वायर यांच्या निकालातून वेगळी वाट धरली. सार्वजनिक शांतता बिघडण्याचा संभव असेल तरच राजद्रोह, नुसत्या कडक शब्दांनी नाही. मुंबई उच्च न्यायालयानं तीच वाट सदाशिव नारायण भालेराव यांच्या खटल्यात धरली. त्यावर सरकार प्रिव्ही कौन्सिलकडे गेलं. आणि सरकारला परवानगी मिळाली! १९४७ च्या फेब्रुवारीत, म्हणजे स्वातंत्र्याला सहा महिने उरले असताना, प्रिव्ही कौन्सिलनं फेडरल कोर्टाचा अर्थ चुकीचा ठरवला. आधार काय दिला? इतर काही निकालांबरोबर १८९७ चा टिळकांचा खटला, आणि त्यात नाकारलेली परवानगी.

म्हणजे जे अपील कधी ऐकलंच गेलं नाही, ते पन्नास वर्षांनी ‘या प्रश्नावर कायदा ठरलेला आहे’ असं सांगायला वापरलं गेलं. १९६२ मध्ये केदारनाथ सिंह खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयानं फेडरल कोर्टाची वाट पुन्हा उघडली, तेव्हा कुठे हे प्रकरण वळलं. माझ्या नोंदवहीतल्या त्या एका चुकीच्या ओळीवर बाईंनी लाल रेघ का मारली, ते इथे कळलं.

स्वातंत्र्यानंतर राजाची मेहेरबानी कुठे गेली? १९४९ च्या ऑक्टोबरात प्रिव्ही कौन्सिलचा अधिकार संपला आणि १९५० च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालय आलं. त्याआधी जून १९४९ मध्ये संविधान सभेत यावर भरपूर चर्चा झाली. ती चर्चा जरूर वाचा, संविधान सभेचे वाद म्हणजे रटाळ कलमवाचन हा गैरसमज निघून जाईल. ठाकुरदास भार्गवांसारख्या सदस्यांचा आग्रह होता की निदान फाशीच्या शिक्षेविरुद्ध तरी सर्वोच्च न्यायालयात अपील हा हक्क असावा. दहा-वीस हजारांच्या दाव्याला हक्कानं अपील आणि माणसाच्या जिवाला मात्र परवानगी, हे त्यांना पटत नव्हतं. दुसऱ्या बाजूला बोजाची भीती होती. आंबेडकरांसमोर प्रश्न होता की मोजक्या न्यायाधीशांचं हे कोर्ट देशभरातल्या फौजदारी अपिलांखाली दबून जाणार नाही ना. शेवटी तडजोड झाली. अनुच्छेद १३४ प्रमाणे, खालच्या कोर्टानं निर्दोष सोडलेल्या माणसाला उच्च न्यायालयानं फाशी दिली असेल तर अपिलाचा हक्क, आणि आणखी एकदोन प्रसंगी. दोन्ही कोर्टांनी फाशीच दिली असेल, तर हक्क नाही.

त्या उरलेल्यांसाठी अनुच्छेद १३६ आहे. सर्वोच्च न्यायालय ‘आपल्या स्वेच्छाधिकारात’ देशातल्या कोणत्याही न्यायालयाच्या किंवा न्यायाधिकरणाच्या निकालावर अपिलाची विशेष परवानगी देऊ शकतं, लष्करी न्यायालयं सोडून. वकिलांच्या तोंडी असलेली ‘एसएलपी’, वर्तमानपत्रांतली ‘विशेष अनुमती याचिका’, ती हीच. राजाची मेहेरबानी राज्यघटनेत आली, फक्त राजा गेला. दिवाणी दाव्यांची रुपयांची अटही संविधानात आली होती, रक्कम २०,००० करून. ती जायला १९७३ साल उजाडलं. तिसाव्या घटनादुरुस्तीनं किंमत काढून टाकली आणि ‘सार्वत्रिक महत्त्वाचा कायद्याचा प्रश्न’ ही कसोटी आणली. हा बदल मला फार मोठा वाटतो आणि त्यावर फार कमी लिहिलं गेलंय. कुणाला हवा असेल तर विषय तयार आहे.

अनुच्छेद १३६ कसं वापरायचं यावर पहिला मोठा निकाल १९५० मध्येच आला, प्रीतम सिंह खटल्यात. खुनाच्या आरोपावरून फाशी झालेल्या माणसाचं अपील. न्यायमूर्ती फजल अली यांनी लिहिलं त्याचा आशय असा की प्रिव्ही कौन्सिलच्या कसोट्या आम्हाला काटेकोरपणे बांधत नाहीत, त्यांच्या घटनात्मक-प्रशासकीय अडचणी आमच्या नाहीत, पण हा अधिकार अगदी अपवादानं, विशेष परिस्थिती दिसली तरच वापरावा. अपील फेटाळलं गेलं. नव्या प्रजासत्ताकाच्या पहिल्याच वर्षात ‘अपवादानं’ हा शब्द लिहिला गेला.

प्रत्यक्षात अपवाद राहिला नाही. १९५० मध्ये मुख्य न्यायमूर्तींसह आठ न्यायाधीशांची तरतूद होती, २०१९ मध्ये मंजूर संख्या ३४ झाली, आणि आज कोर्टाच्या कामाचा फार मोठा भाग एसएलपीच आहेत. काम चालतं ते साधारण असं. याचिका दाखल होते, रजिस्ट्री त्रुटी काढते, त्या दुरुस्त होतात, मग बहुधा दोन न्यायाधीशांच्या पीठासमोर ती लागते. परंपरेनं यासाठी सोमवार आणि शुक्रवार. न्यायाधीश आदल्या दिवशी फाइल वाचून येतात. वकिलाला बोलायला काही मिनिटं मिळतात, कधी तेवढीही नाही. मग तीनपैकी एक होतं: ‘डिसमिस्ड’, किंवा समोरच्याला नोटीस, किंवा ‘लीव्ह ग्रँटेड’. परवानगी मिळाली की एसएलपीचं अपील होतं आणि त्याला नवा क्रमांक मिळतो. आकडेवारी गोळा करणाऱ्यांनो, इथे थांबा. एकच प्रकरण दोन क्रमांकांनी दोनदा मोजलं जाऊ शकतं. मी मोजलं होतं. तीन आठवड्यांचं काम परत करावं लागलं.

अमेरिकेत हेच काम पूर्णपणे कागदावर चालतं. तिथे १९२५ मध्ये मुख्य न्यायाधीश टॅफ्ट यांनी पाठपुरावा करून कायदा करून घेतला, आणि कोणती प्रकरणं ऐकायची हे बहुतांशी सर्वोच्च न्यायालयाच्या हाती आलं. नऊपैकी चार न्यायाधीशांना वाटलं तर प्रकरण दाखल. हजारो अर्जांतून अलीकडे वर्षाला साठ-सत्तर प्रकरणंच पूर्ण ऐकली जातात. आपल्याकडे परवानगी ठरवण्यासाठीही वकील उभा राहून बोलतो. हे जास्त लोकशाहीवादी वाटतं. पण बोलायला वकील लागतो, तोही दिल्लीत, आणि तिथेच पाणी मुरतं.

१९८६ मधला एक प्रसंग सांगते. त्या वर्षी सप्टेंबरात एका रात्री उशिरा सर्वोच्च न्यायालयाचं पीठ बसलं आणि त्यानं दोन उद्योगपतींच्या जामिनाची एसएलपी ऐकली. बिहार लीगल सपोर्ट सोसायटी या संस्थेनं याचिका केली: छोट्या माणसाच्या जामिनाची एसएलपीही याच तातडीनं ऐका. पाच न्यायाधीशांच्या पीठानं उत्तर दिलं की आमच्यासाठी छोटा-मोठा असा भेद नाही, उलट गरिबांसाठी हे कोर्ट विशेष दक्ष आहे. पण त्याच निकालात असंही म्हटलं की हे कोर्ट नेहमीच्या अपिलांसाठी कधी नव्हतंच, त्यासाठी राष्ट्रीय अपील न्यायालय असावं. ते न्यायालय अजून झालेलं नाही.

भेद नाही हे कोर्टाचं म्हणणं प्रामाणिक असेल. पण आकडे दुसरंही काही सांगतात. अमेरिकन अभ्यासक निक रॉबिन्सन यांनी सर्वोच्च न्यायालयाच्या कामाच्या बोजाचा संख्यात्मक अभ्यास केला. त्यात दिसलं की दिल्लीच्या जवळच्या आणि सधन भागांतल्या उच्च न्यायालयांच्या निकालांवर जास्त प्रमाणात अपिलं होतात, दूरच्यांवर कमी. दूरच्या उच्च न्यायालयांचे निकाल जास्त बरोबर असतात, असंही कुणी म्हणू शकेल! पण भाडं, मुक्काम आणि दिल्लीतल्या वकिलाची फी हे स्पष्टीकरण मला जास्त सरळ वाटतं. विधी आयोगानं २००९ च्या २२९ व्या अहवालात मुंबईसह चार ठिकाणी सर्वोच्च न्यायालयाची अपील पीठं असावीत असं सुचवलं होतं. अनुच्छेद १३० मध्ये दिल्लीबाहेर बसायची मुभाही आहे. पुढे काही झालं नाही.

न्यायाधीश ज्यातून निवडतात त्या ढिगाऱ्यात कोण आहे, हे आधीच ठरलेलं असतं. दुसऱ्या महायुद्धात विमानांवरच्या गोळ्यांच्या खुणा मोजणाऱ्या अब्राहम वाल्डची गोष्ट तुम्ही दहादा ऐकली असेल, परत आलेल्या विमानांवर खुणा मोजल्या पण न आलेल्या विमानांचं काय. परत सांगत नाही. (एवढंच सांगते की वाल्ड १९५० मध्ये भारतात व्याख्यानांसाठी आले असताना निलगिरीत विमान अपघातातच गेले. हे मला एमएस्सीच्या वर्गात कुणी सांगितलं नव्हतं.) इथे तर दोन थर आहेत. काही प्रकरणं न्यायाधीशांनी परत पाठवली, आणि काही घरातूनच निघाली नाहीत. पहिल्यांची निदान यादी आहे.

आता एक घरगुती गोष्ट. आमच्या चुलत आजोबांचा शेताच्या बांधाचा एक दावा होता. वरच्या कोर्टात तो दाखल करून घेतानाच एका ओळीत फेटाळला गेला. आजोबा आजही सांगतात, “वरच्या कोर्टानं आपल्याला खोटं ठरवलं.” मला हे लहानपणापासून पाठ आहे. कायदा काय म्हणतो? एसएलपीबाबत २००० मध्ये कुन्हयम्मद खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं नीट समजावलं आहे. कारण न देता परवानगी नाकारली, तर त्याचा अर्थ कोर्टानं खालचा निकाल बरोबर ठरवला असा होत नाही. कोर्टानं त्या निकालाबद्दल काहीच म्हटलेलं नाही, फक्त ‘आम्ही यात पडत नाही’ एवढंच म्हटलं. त्यामुळे खालचा निकाल वरच्या निकालात विलीनही होत नाही. टिळकांच्या वेळच्या अनुभवानंतर हे वाचलं की बरं वाटतं. आता नाकारलेल्या परवानगीतून पन्नास वर्षं कायदा निघणार नाही. पण आजोबांच्या बांधाला त्यानं काय फरक पडला? बांध आहे तिथेच आहे.

जमिनीचं एक वेळ ठीक. फाशीच्या प्रकरणांत मात्र हे एक ओळीचं उत्तर अंगावर येतं. संविधान सभेत भार्गवांचं जे म्हणणं मागे पडलं होतं, ते सत्तर वर्षांनी कोर्टाला तुकड्यातुकड्यांनी मान्य करावं लागलं असं माझं मत आहे. फेरविचार याचिका न्यायाधीश आपल्या दालनात फक्त कागद फिरवून ठरवतात. २०१४ मध्ये मोहम्मद आरिफ खटल्यात घटनापीठानं ठरवलं की फाशीच्या प्रकरणांत त्या खुल्या कोर्टात ऐकायच्या, जास्तीत जास्त अर्धा तास बोलायची मुभा ठेवून. आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्रातलंच एक प्रकरण आलं. फाशीच्या एका कैद्याची एसएलपी २०१५ मध्ये कारण न देता सुरुवातीलाच फेटाळली होती. तीन न्यायाधीशांच्या पीठानं म्हटलं, निदान फाशीच्या शिक्षेपुरती तरी कारणं द्यायलाच हवीत, आणि आपलाच जुना आदेश मागे घेऊन ते प्रकरण पुन्हा ऐकायला घेतलं. मधल्या काळात त्या माणसाच्या हातात एकच शब्द होता.

मग सगळ्याच एसएलपींसाठी नियम का करत नाहीत? प्रयत्न झाला. २०१० मध्ये न्यायमूर्ती काटजू आणि लोढा यांच्या पीठानं हा प्रश्न घटनापीठाकडे पाठवला: कोणत्या प्रकारची प्रकरणं घ्यावीत याची मार्गदर्शक तत्त्वं ठरवा. सहा वर्षांनी, जानेवारी २०१६ मध्ये, घटनापीठानं सांगितलं की असा स्वेच्छाधिकार नियमांत बांधणं योग्य होणार नाही. मला वाटतं दोन्ही पीठांचं बरोबर होतं, आणि हे माझं मत अजून पक्कं नाही. नियम केले असते तर १८३८ सारखी आणखी एक चाळणी तयार झाली असती, भोकं रुपयांऐवजी विषयांची. नियम नाहीत, तर सोमवारी तुमचं प्रकरण कुठल्या पीठासमोर लागलं यावर बरंच अवलंबून राहतं.

यावर काम करायचं असेल त्यांना एक व्यवहारातली गोष्ट सांगून थांबते. माझ्या एक्सेलच्या तक्त्यात ‘कारण’ नावाचा रकाना आहे. सुरुवातीला मी बहुतेक ओळींत तो रिकामा सोडला होता. मग लक्षात आलं की त्या रिकाम्या चौकटींत दोन निराळ्या गोष्टी मिसळल्या आहेत: काही ठिकाणी मला आदेशच सापडला नव्हता, आणि काही ठिकाणी आदेश समोर होता पण त्यात कारण नव्हतं. पहिली माझी कमतरता, दुसरी कोर्टाची पद्धत. आता मी तिथे ‘आदेश मिळाला नाही’ किंवा ‘कारण दिलेलं नाही’ असं पूर्ण लिहिते. टाइप करायला वेळ लागतो, पण जुन्या चौकटी भरायला घेतल्या तेव्हा पहिल्याच दिवशी दुसऱ्या प्रकारच्या नोंदी पहिल्यापेक्षा जास्त निघाल्या.